पाठ मोडलेली पुस्तकं

पहाटे ५.४५

मंगळवार पेठेतली गल्ली अजून अंधारात आहे. एका दहा बाय बाराच्या खोलीत ट्यूबलाइट लागलीय. गॅसवर पातेलं, पातेल्यात मैदा आणि पाणी. मामा पळीनं ढवळतायत. खळ शिजतेय. गुठळी होऊ द्यायची नाही, म्हणून हात थांबवायचा नाही. खळ दाट झाली की चिमूटभर मोरचूद घालायचा. त्यानं खळीला कसर लागत नाही, झुरळ फिरकत नाही. अर्धा किलो मैद्याची खळ दोन दिवस पुरते.

मामा पुस्तकबांधणीचं काम करतात. वय छप्पन्न. सोळाव्या वर्षी एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात लागले. पुढं तो छापखाना बंद पडला, तेव्हा मामांनी खात्यातला पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा विकत घेतला. तो याच खोलीत कोपऱ्यात उभा आहे. आता ते शाळांची आणि वाचनालयांची फाटकी पुस्तकं बांधून देतात. टाके मामी घालतात. पुठ्ठा, कापड, कटिंग आणि हेलपाटे मामांकडं.

आज डिसेंबरातला बुधवार. भिंतीला लागून चार ढीग रचलेत. चार शाळांची ही पुस्तकं आज पोचवायची आणि नवी फाटकी घेऊन यायची. चारही शाळांत पाचवी ते सातवीचे वर्ग आहेत. मी दिवसभर त्यांच्याबरोबर राहणार आहे. या वयाची मुलं काय वाचतात, हे मला बघायचंय. मामा म्हणतात, "पुस्तकं बघा की आधी. पोरांस्नी मग इचारा."

सकाळी ६.३०

मामी पाटावर बसल्यात. पुढ्यात एक पुस्तक, कव्हर गेलेलं. शिवाजी महाराजांवरचं, मोठ्या टायपातलं. पाठीवरचा जुना डिंक सुरीनं खरवडून झालाय. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे केलेत. घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाची पट्टी लावलीय. आता टोच्यानं घडीत भोकं पाडायची. मग दाभणात दोरा. दोऱ्याला मेण चोळायचं, म्हणजे तो कागद कापत नाही. एक फर्मा शिवला की त्यावर दुसरा ठेवायचा. टाका खालच्या टाक्यात अडकवायचा आणि ओढायचा. फार ओढला तर पान फाटतं, सैल राहिला तर पुस्तक हलतं. मामींच्या उजव्या हाताच्या करंगळीवर दोऱ्याचा घट्टा पडलाय.

शिवून झालं की पाठीला खळ, खळीवर कापडी पट्टी. मग दोन्ही बाजूंना अस्तर, त्यावर पुठ्ठा. मग रात्रभर शिकंज्यात.

मामा त्या पुस्तकाचे फर्मे टेबलावर मांडून दाखवतात. "पाठ कुठं मोडलीय बघा." पाठ अधेमधे मोडलेली नाही. एकाच ठिकाणी मोडलीय. पन्हाळ्याहून सुटका आणि पावनखिंड. १६६० सालची ती रात्र. त्या चार पानांच्या कडा बोटं लागून काळ्या झाल्यात. "हे पुस्तक कुठल्याबी शाळेतनं येऊ दे. इंग्लिश मीडियम असो, न्हाईतर खेड्यातली असो. हितंच मोडतंय."

सकाळी ८.१०

मामांची गाडी टीव्हीएस एक्सएल आहे. पुढं पायाशी एक कॅनव्हासची पिशवी, मागं दुधाचा प्लॅस्टिक क्रेट, क्रेटवर रबरी पट्टा. पुस्तकं उभी भरायची नाहीत. उभी भरली की खड्ड्यात कोपरे मार खातात. आडवी भरायची, मध्ये वर्तमानपत्र. पंपावर दीडशेचं पेट्रोल टाकलं. मी माझ्या गाडीवरून मागोमाग.

खिशात बिलबुक आणि छोटी डायरी. डायरीत दर लिहिलेत. पिना मारलेलं पातळ पुस्तक पंधरा रुपये. शिवून कापडी पाठ पन्नास. जाड पुस्तक किंवा मासिकांचा खंड साठ. चिकटवलेलं इंग्रजी पेपरबॅक सत्तर.

सकाळी ९.००

राजारामपुरी मागं टाकून हायवेच्या अंगाची शाळा. खासगी, इंग्रजी माध्यमाची, सीबीएसई. गेटवर नाव, वेळ आणि मोबाइल नंबर लिहावा लागतो. ग्रंथालय पहिल्या मजल्यावर. काचेची कपाटं, सगळी उघडी. प्रत्येक पुस्तकावर बारकोड. आठवड्यातून एक तास प्रत्येक वर्गाला. आत्ता सहावीचा तास चालू आहे.

मुलं धावत एकाच कपाटाकडं जातात. जेरोनिमो स्टिल्टन नावाच्या उंदराच्या गोष्टी, विम्पी किड. भाग क्रमानं वाचायचे असतात. बारावा भाग कुणाकडं आहे, यावरून दोघांची हुज्जत चाललीय. मामा क्रेट उघडतात. चौदा पुस्तकं. मुलं त्यांच्याभोवती गोळा होतात. "मामा, ते उंदराचं झालं?" झालं.

ही पुस्तकं बांधायला अवघड. त्यांना फर्माच नसतो. सुटी पानं पाठीला गरम डिंकानं चिकटवलेली असतात. पंचवीस मुलांनी पालथी ठेवली की डिंक तडकतो आणि पानं हातात येतात. बाजूनं शिवलं तर पुस्तक नीट उघडत नाही. म्हणून मामा सगळी पानं शिकंज्यात आवळतात. पाठीवर बारीक करवतीनं खाचा पाडतात. खाचांत दोरा बसवून वरून फेविकॉल भरतात. एका पुस्तकाला पाऊण तास जातो. म्हणून सत्तर रुपये.

ग्रंथपाल मॅडम रजिस्टरवर सही घेतात. पुस्तक वाचून झालं की मुलांना एक फॉर्म भरून द्यायचा असतो. लेखकाचं नाव, मुख्य पात्रं, कथा थोडक्यात, तुम्हाला काय आवडलं. पाठीवर भलंमोठं दप्तर घेतलेला एक मुलगा मला सांगतो, "बारीक पुस्तक घेतलं की फॉर्म लवकर होतो." मग तो जाड पुस्तक कधी वाचतो? "घरी. त्याचा फॉर्म नसतो."

मराठीचं कपाट खिडकीजवळ आहे. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. त्यानंतर हे कपाट भरलं. पुस्तकं चांगली निवडलीत. पाठी सरळ आहेत, कोपरे धारदार. मामा एक पुस्तक बाहेर काढून उघडतात. पाठ करकरते. पहिल्यांदाच उघडलंय. ते परत जागेवर ठेवतात, काही बोलत नाहीत.

या कपाटातलं एकच पुस्तक आज बांधायला आलंय. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. मॅडम ते नेणाऱ्या मुलाला बोलावतात. तो सांगतो, "आजोबा वाचतात, मी ऐकतो. मग मी वाचतो, ते चुका काढतात." एका पानाच्या समासात पेन्सिलीनं जोडाक्षरं फोडून लिहिलीत. अक्षर म्हाताऱ्या माणसाचं आहे. मामा मॅडमना विचारतात, हे खोडायचं का? मॅडम म्हणतात, राहू दे.

बिल ९८० रुपये. पैसे पंधरा दिवसांनी बँकेत.

सकाळी ११.००

गावात परत. पेठेतली जुनी अनुदानित शाळा, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. दगडी जिना मधोमध झिजलाय. ग्रंथालय जिन्याखाली. पत्र्याची कपाटं आठ, कुलपं आठ. ग्रंथपाल अर्धवेळ आहेत. ते इथं असतात तेव्हा त्यांच्याकडं परीक्षेचे तक्तेही असतात.

मामा बावीस पुस्तकं मोजून देतात. ग्रंथपाल सर एकेक उलटून बघतात, हात फिरवतात. "चांगली झालीत." आणखी साठ पुस्तकं फाटून पडलीत, सातव्या कपाटात. पण सातव्या कपाटाची किल्ली दुसऱ्या सरांकडं आहे. ते प्रशिक्षणाला गेलेत. मामा विचारतात, कधी येतील? फोन करून बघतो, म्हणतात.

मुलांपर्यंत पुस्तकं पेटीतून जातात. प्रत्येक वर्गाला एक लाकडी पेटी, पेटीत चाळीस पुस्तकं. शनिवारी मॉनिटर पेटी उघडतो आणि वहीत नावं लिहितो. महिना झाला की पेट्या वर्गावर्गांत बदलतात. सातवी ब च्या वहीची पानं मी चाळतो. सुधा मूर्तींची पुस्तकं पुन्हा पुन्हा येतात. गड-किल्ले आहेत, विज्ञानाचे प्रयोग आहेत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली श्यामची आई आहे. पुस्तक नेणाऱ्यांत तीन नावं जवळजवळ प्रत्येक शनिवारी आहेत. तिन्ही मुलींची.

पण पेटीतली सगळ्यांत फाटकी पुस्तकं वेगळी आहेत. निबंधमाला, भाषणांचं पुस्तक, शिष्यवृत्तीचं गाईड. कोल्हापुरात शिष्यवृत्तीच्या निकालाकडं घरंच्या घरं डोळे लावून बसतात. गाईडची पानं पेन्सिलीच्या खुणांनी भरलीत. खोडून परत सोडवलीत, परत खोडलीत. कागद इतका पातळ झालाय की पलीकडची अक्षरं दिसतात. निबंधमाला हातात घेतली की आपोआप आईवरच्या निबंधावर उघडते. पंतप्रधान झालो तर, हा निबंध कुणीतरी ब्लेडनं कापून नेलाय.

मामांनी त्या जागी कोरं पान बसवलंय. "पुस्तकात भोक नको. पान नसलं तरी जागा दिसूदे."

ग्रंथपाल सर कपाटातून एक पुस्तक जपून आणतात. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या. शाळेचा जांभळा शिक्का, साठ-एक वर्षांपूर्वीचा. कागद पिवळा पडून करकरीत झालाय. मामा एका पानाचा कोपरा हलकेच दुमडतात. कोपरा तुटून हातात येतो. "ह्याला टाका घालून उपयोग न्हाई सर. सुई लागली की पान गेलंच. हे पिशवीत घालून ठेवा. वाचायला नवं घ्या." पन्नास रुपयांचं काम होतं. मामांनी घेतलं नाही.

बिल ११०० रुपये. मुख्याध्यापकांची सही झाली. पैसे महिनाअखेरीला.

दुपारी १२.३०

बिंदू चौकाजवळ चहा आणि वडा. दोघांचे साठ रुपये, मामा मला देऊ देत नाहीत. फोन येतो. मामींचा. दोऱ्याचं रीळ संपत आलंय. पापाच्या तिकटीजवळच्या दुकानातून दोन रिळं. मामा दुकानदाराशी घासाघीस करत नाहीत. रीळ हातात घेतात, हातभर दोरा काढून झटका देतात. तुटला नाही. घेतलं.

दुपारी १.१५

महापालिकेची शाळा, पहिली ते सातवी. कोल्हापुरात महापालिकेच्या शाळा एकसारख्या नाहीत. जरगनगरच्या शाळेत प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांग लावतात. ही शाळा तशी नाही. इथं मुलं कमी आहेत. आया धुण्याभांड्याला जातात, वडील सेंट्रिंगच्या कामावर. काही घरांत कन्नड, काही घरांत हिंदी. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा हुकूम काढला. त्यांची तसबीर मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागं आहे.

जेवणाची सुट्टी झालीय. खिचडीची ताटं धुऊन व्हरांड्यात पालथी घातलीत.

इथं कपाट नाही. सातवीच्या वर्गात भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतळी बांधलीय. सुतळीवर पुस्तकं उघडून टांगलीत. सोळा पानी, चोवीस पानी. नॅशनल बुक ट्रस्टची आहेत, प्रथम बुक्सची आहेत. कुलूप नाही, वही नाही. ज्याला पाहिजे तो ओढून घेतो, वाचतो, परत टांगतो. घरी न्यायचं असेल तर बाईंना सांगायचं.

मामांनी आणलेली पंचेचाळीस पातळ पुस्तकं बाई टेबलावर पसरतात. पाच मिनिटांत टेबल रिकामं. एक मुलगी वाचायला बसली की तिच्याभोवती चार-पाच जण बसतात. ती मोठ्यानं वाचते. चित्र आलं की पुस्तक फिरवून सगळ्यांना दाखवते. एखादा शब्द अडला की दोघे-तिघे एकदम सांगतात. दारात दुसरीतली दोन मुलं उभी आहेत. त्यांना आत बोलावतात. या शाळेत मला एकटं वाचणारं मूल क्वचित दिसलं.

म्हणून ही पुस्तकं अशी फाटतात. पिना गंजून मधलं पान सुटतं. मुखपृष्ठावर हळदीची बोटं. एका पुस्तकाचा कोपरा घरातल्या तान्ह्यानं चावलाय, दातांच्या खुणा आहेत. शेवटचं पान तर हमखास जातं. मामा गंजक्या पिना काढतात आणि दोन टाके दोऱ्यानं घालतात. दोरा गंजत नाही. मुखपृष्ठाला आतून कागद, पाठीला पट्टी. पंधरा रुपयांत एवढं बसतं.

खाशाबा जाधवांवरचं एक पातळ पुस्तक आहे. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, कुस्तीतलं कांस्यपदक. खाशाबांचं कुस्तीतलं तरुणपण याच शहरात गेलं. जवळच्या तालमीत जाणारी तीन पोरं ते पुस्तक सोडत नाहीत. त्यातला एक सहावीत आहे, अजून बोट ठेवून वाचतो. हे पुस्तक मात्र तो बोट न ठेवता वाचतो. बाई म्हणतात, "पाठ झालंय त्याला." तो म्हणतो, "पाठ न्हाई बाई. वाचतोय की."

सातवीतली एक मुलगी मामांकडं येते. हातात एका गोष्टीचं पुस्तक. शेवटचं पान नाही.

"मामा, ह्याचं पान मिळंल व्हय?"

"पान कुठलं मिळायला? छापणाऱ्याकडंच असतंय ते."

"मला माहीत हाय शेवटी काय होतंय. मी लिहितो की."

मामा पुस्तक घेतात, पट्टीनं मापतात. खिशातून पेन्सिल काढून वहीच्या कागदावर चौकोन आखतात. "एवढा कागद घ्यायचा. ह्या बाजूला बोटभर जागा सोडायची, तिथं टाका येतोय. त्या जागेत लिहायचं न्हाई. पेन निळं चालंल, शाईचं नको. खळ लागली की शाई पसरती." ती मान हलवते. जागेवर जाऊन लिहायला बसते. लिहिताना ओठ हलतात. मध्येच मैत्रिणीला विचारते, म्हातारी आधी बोलते का कोल्हा? मैत्रीण म्हणते, कोल्हा. वीस मिनिटांनी पान तयार. तळाला चित्रपण काढलंय. मामा ते पान पुस्तकात ठेवतात, पुस्तकाला रबर लावतात आणि क्रेटमध्ये सगळ्यांत वर ठेवतात.

मी तिला विचारतो, घरी वाचतेस का? "आई फोन घेऊन कामाला जाती. ती येईपर्यंत वाचतो." आणि आई आल्यावर? "मग फोन बघतो."

६७५ रुपये. बाई रोख देतात, स्वतःच्या पर्समधून. शाळेच्या खात्यातून कधी येतील, ते त्या मामांना सांगत नाहीत. मामाही विचारत नाहीत.

दुपारी ३.००

रंकाळ्यावरून फुलेवाडी, तिथून गगनबावड्याचा रस्ता. बालिंग्याच्या पुलावर थांबावं लागतं. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, एकेका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. खाली भोगावती. कुठंतरी गुऱ्हाळ पेटलंय, काकवीचा वास येतोय. मामा क्रेटवर प्लॅस्टिक टाकतात. उसाचा पाला आणि धूळ पुस्तकांत जायला नको. वीस मिनिटं गेली.

दुपारी ३.४५

जिल्हा परिषदेचं विद्यामंदिर. पहिली ते सातवी. सहावी आणि सातवी एकाच खोलीत, एकच गुरुजी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं. त्यात वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टीची पुस्तकं हवीत. इथलं ग्रंथालय एका पत्र्याच्या ट्रंकेत आहे. ट्रंक खिडकीखाली असते, झाकण उघडं.

ट्रंकेत सगळ्यांत जास्त किशोरचे अंक आहेत. बालभारती हे मासिक १९७१ च्या नोव्हेंबरपासून काढते. गुरुजी स्वतः लहानपणी ते वाचत. त्यांनी मामांना वर्षाचे बारा अंक बांधायला दिले होते. मामांच्या हिशेबानं बारा अंकांचा एक खंड, साठ रुपये. गुरुजींनी सांगितलं होतं, चार खंड करा, तीन-तीन अंकांचे. त्याचे दोनशे चाळीस होतात.

"एक खंड केला की एक पोरगं वाचतंय, अकरा जण वाट बघत्यात," गुरुजी म्हणतात. "सुटे ठेवले तर चार महिन्यांत चिंध्या. चार खंड बरे. चौघं चार कोपऱ्यांत बसत्यात."

मामांनी या चार खंडांना पुठ्ठा पातळ लावलाय, मुलांना मांडीवर पेलावा म्हणून. चार मुलं चार खंड घेऊन खरंच चार कोपऱ्यांत जातात. आधी कोडी. मग विनोद. मग गोष्ट. कोड्यांची उत्तरं जुन्या अंकात कुणीतरी पेननं लिहून ठेवलीत. त्यावरून ओरडा होतो. गुरुजी मुलांकडं पाठ करून सहावीची वही तपासतायत, वळत नाहीत. वाचायचा तास वेगळा नाही. ज्याचं गणित आधी सुटलं, त्यानं ट्रंकेकडं जायचं. म्हणून गणितं भराभर सुटतात. चुकतातही.

मागच्या बाकावर दोन नवी मुलं आहेत. बीडकडची. आईवडील ऊसतोडीला आलेत, गावाबाहेर पालं पडलीत. ही मुलं दिवाळीनंतर येतात आणि हंगाम संपला की जातात. घरी पुस्तक देता का, मी गुरुजींना विचारतो. देतो, म्हणतात. आणि ती गेल्यावर? "काही पुस्तकं बरोबर जात्यात. जाऊ देत." गेल्या हंगामात गेलेलं एक पुस्तक या वर्षी त्याच मुलाबरोबर परत आलं. ते आज मामांकडं बांधायला दिलंय. पानांना चुलीचा धूर लागलाय. मुखपृष्ठ सुतळीनं बांधलंय. गाठ नीट मारलीय.

मामा ती सुतळी सोडतात, गुंडाळतात आणि त्या मुलाला परत देतात. "परवा घेऊन येतो तुझं पुस्तक." मुलगा विचारतो, "किती पैसे?" मामा सांगतात, गुरुजी देणार आहेत.

चार खंड आणि आठ पातळ पुस्तकं. ३६० रुपये. गुरुजी फोनवरून लगेच टाकतात. मामांच्या खिशात फोन वाजतो.

संध्याकाळी ६.१५

परत पेठेत. इथलं छोटं सार्वजनिक वाचनालय संध्याकाळी उघडतं. कोल्हापूरला वाचनालयं जुनी आहेत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये सुरू झालं. १९४५ मध्ये इथल्या संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये आला.

या वाचनालयातल्या बालविभागात आज तीन मुलं आहेत. दोघं सकाळच्या पेटीवाल्या शाळेतली, गणवेशावरून कळतं. मोठा भाऊ सातवीत, धाकटी पाचवीत. पेटी शनिवारी उघडते. तोपर्यंत थांबवत नाही म्हणून येतो, असं तो सांगतो. आजोबा वर्तमानपत्र वाचायला येतात, त्यांच्याबरोबर. एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं. म्हणून दोघं वाचनालयातच बसून एक वाचतात आणि एक घरी नेतात. तिसरा मुलगा गाईड घेऊन बसलाय. शिकवणीला अजून वेळ आहे.

मामा अठरा फाटकी पुस्तकं मोजून घेतात. बालविभागातली अकरा.

संध्याकाळी ७.३०

खोली. मामींनी दिवसभरात सोळा पुस्तकं शिवलीत. मामा ती शिकंज्यात लावतात. दोन फळ्यांमध्ये पुस्तकं, वरून लोखंडी चाक. चाक दोन्ही हातांनी फिरवायचं, शेवटचे दोन आटे अंग टाकून. मामांचा उजवा खांदा दुखतो. शेवटचा आटा मामी फिरवतात.

मग नवी फाटकी पुस्तकं उघडून बघायची. मामा वहीत लिहितात. कुठली शाळा, काय काम, किती पानं नाहीत. त्या मुलीनं लिहिलेलं पान मामी आधी वाचतात. मग पुस्तक पहिल्यापासून वाचतात आणि पान परत वाचतात. "बरोबर जुळतंय," म्हणतात. बोटभर जागा सोडलेली आहे. टोच्यानं तीन भोकं, दोन टाके. कागद वहीचा, रेघांचा. बाकीच्या पानांपेक्षा पातळ आहे, म्हणून मामी मागून आणखी एक कागद चिकटवतात. याचे वेगळे पैसे लावत नाहीत.

मी मामांना विचारतो, एवढ्या वर्षांत पोरांचं वाचन कमी झालं का? ते लगेच उत्तर देत नाहीत. हातातल्या पुस्तकाची पाठ खरवडत राहतात. "ज्या शाळेत कपाट उघडं, तिथलं काम वर्षभर येतंय. कुलूपवाल्या शाळेचं वर्षातनं एकदा. पोरं तीच की. ह्याच पेठेतली."

रात्री ९.००

हिशेब. इंग्रजी शाळा ९८०. अनुदानित शाळा ११००. महापालिका शाळा ६७५. जिल्हा परिषद ३६०. एकूण ३११५. हे चार दिवसांचं काम. यातले हातात आले १०३५. पुठ्ठा, कापड, दोरा, मैदा, फेविकॉल धरून माल आठशेचा. पेट्रोल दीडशे, चहा-वडा साठ. उरले २१०५. दिवसाला सव्वापाचशेच्या आसपास, दोघांत मिळून. खोलीचं भाडं यात धरलेलं नाही.

पातळ पुस्तकाचे पंधरा रुपये गेली चार वर्षं तेच आहेत. दोरा वाढला, पुठ्ठा वाढला. मामींचं म्हणणं, वीस करायला पाहिजेत. मामा म्हणतात, जाड पुस्तकाचे पाच वाढवू. पातळचे नको. पातळ पुस्तकं कुणाच्या पर्समधून बांधली जातात, ते दोघांनाही माहीत आहे. मामी डायरी ओढून घेतात. साठच्या जागी पासष्ट लिहितात, सत्तरच्या जागी पंच्याहत्तर. पंधरा तसेच.

रात्री ९.४०

फोन वाजतो. अनुदानित शाळेचे ग्रंथपाल सर. प्रशिक्षणाला गेलेल्या सरांच्या घरी जाऊन ते किल्ली घेऊन आलेत. सातवं कपाट उद्या पावणेअकराला उघडतील. फाटकी साठ बांधायला न्या, म्हणतात. आणि चांगली आहेत ती त्याच तासाला पेट्यांत भरायचीत. दोन मुलं मदतीला देतो, तुम्हीही हात लावा.

मामा डायरीत लिहून घेतात.

"साठ?" मामी विचारतात.

"साठ."

"मग सकाळी मैदा एक किलो आणा. आणि मला एक मोठं दाभण."

मामा ट्यूबलाइट बंद करायला उठतात. मामी थांबवतात. हातातल्या पुस्तकाचे दोन फर्मे शिवायचे राहिलेत.